अँबॅसिडरचा डिस्ट्रिब्युटर घरी खोलायचा तर

बाबांची अँबॅसिडर मार्क फोर आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याच्या घरी आहे आणि ती मी चालवतो. नुसती पुसून ठेवलेली नाही, महिन्यातून दोनदा तरी वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाऊन येते. दोन वर्षांपूर्वी तिला एक खोड लागली. एका सेल्फमध्ये सुरू व्हायची, आयडलवर शहाण्यासारखी चालायची, पण चिंचभवन सोडून जरा मोकळा रस्ता लागला आणि पाय अर्ध्यावर ठेवून निघालो की धक्के. पाय पूर्ण दाबला की धक्के गायब, पूर्ण सोडला तरी गायब. रुसायची ती मधल्याच जागी.

एका गॅरेजमध्ये नेली. तिथे कार्बुरेटर धुतला, चारही प्लग बदलले, कॉइल बदलली, शेवटी टाकीत कचरा असेल म्हणून टाकी उतरवली. धक्के होते तिथेच. मग आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांना दाखवली. त्यांनी डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या डब्याची, कॅप काढली, आतली गोल प्लेट पेचकसच्या टोकाने इकडे-तिकडे हलवली आणि म्हणाले, "हे पाय ना बाबू, ही वायर. वरून कापड साबूत दिसून राह्यलं, आतून तुटली हाये." करंगळीएवढी वायर. ती तेवढ्याच धक्क्यांना कशी कारण होती ते पुढे प्लेट काढताना सांगतो. पण त्या दिवसापासून हा डबा मी स्वतः खोलतो, आणि ज्यांनी तो कधीच उघडलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

इथले आकडे १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचे आणि त्यावर बसणाऱ्या लुकासच्या २५डी४ या डिस्ट्रिब्युटरचे आहेत. पद्मिनी किंवा पॉइंट असलेली जुनी मारुती ८०० असेल तर पद्धत हीच, आकडे मात्र तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधले घ्या. मारुतीला सिलिंडर तीनच, म्हणून कॅपला प्लगच्या वायरीही तीनच. आणि डिझेल अँबॅसिडरवाल्यांना इथूनच रामराम, त्या इंजिनात ही भानगडच नाही.

आत नेमकं काय चालतं

बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमधून जातात आणि डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटवाटे, म्हणजे उघडझाप करणाऱ्या दोन टोकांच्या जोडीतून, अर्थ होतात (गाडीच्या बॉडीला मिळतात). पॉइंट मिटलेले असताना कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र भरतं. मधला चौकोनी कॅम फिरून पॉइंट उघडतो, ते क्षेत्र झटक्यात कोसळतं आणि कॉइलच्या दुसऱ्या वेढ्यात १५-२० हजार व्होल्ट उठतात. ते जाड वायरीने कॅपच्या मधोमध येतात, कोळशाच्या छोट्या ब्रशमधून रोटरवर उतरतात, आणि रोटर त्या वेळी ज्या प्लगकडे तोंड करून असेल त्याला मिळतात. कॅम आणि रोटर ज्यावर बसतात तो दांडा इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात-मिटतात. एवढी हालचाल होणारी वस्तू झिजणारच, त्यात दोष कुणाचा नाही.

याशिवाय आत दोन यंत्रणा स्पार्क वेळेआधी पाडण्यासाठी असतात. प्लेटखालची दोन वजनं वेग वाढला की बाहेर फाकतात आणि कॅमला पुढे ढकलतात. बाजूची गोल डबी कार्बुरेटरमधल्या ओढीवर चालते आणि पॉइंटची अख्खी प्लेट खेचते. तिला आपण व्हॅक्यूमची डबी म्हणू.

खोलण्याआधी बाहेरून बघा

निम्म्या वेळा काहीच खोलावं लागत नाही. त्यामुळे पाना हातात घेण्याआधी या तीन चाचण्या करा.

पहिली. कॅपच्या मधली जाड वायर काढा, रबरी मुठीच्या पक्कडीत धरा आणि तिचं टोक इंजिनाच्या स्वच्छ लोखंडापासून ५-६ मिलिमीटरवर ठेवा. घरच्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. वायर हातात धरू नका. एकदा बसला की खांद्यापर्यंत कळतं, आणि हृदयाचा त्रास असलेल्या माणसाने तर या कामापासून लांबच राहावं. जवळपास पेट्रोलचा वास येत असेल तर ही चाचणी नकोच. निळा, कडकड वाजणारा स्पार्क आला तर कॉइल आणि पॉइंट ठीक आहेत. दोष कॅप, रोटर किंवा प्लगच्या वायरीत. पिवळट, मरतुकडा स्पार्क आला किंवा आलाच नाही तर दुसरी चाचणी. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीवर मात्र वायर अशी उघडी ठेवून सेल्फ मारू नका, त्याने मॉड्यूल जातं.

दुसरी. १२ व्होल्टचा एक छोटा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा. एक टोक कॉइलवरून डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टर्मिनलला लावा. जुन्या कॉइलवर तिथे सीबी लिहिलेलं असतं. दुसरं टोक बॉडीला. चावी ऑन करून इंजिन हळू फिरवा. बल्ब लुकलुकला पाहिजे: पॉइंट उघडले की पेटणार, मिटले की विझणार. सतत पेटूनच राहिला तर पॉइंट मिटत नाहीत, ते जळालेत किंवा अर्थ तुटला आहे. पेटतच नसेल तर डिस्ट्रिब्युटरची बारीक वायर कॉइलपासून सोडवा. आता पेटला? मग डिस्ट्रिब्युटरच्या आत कुठेतरी शॉर्ट आहे, बहुतेक कंडेन्सर (पॉइंटमध्ये उडणारा स्पार्क आवरणारा छोटा भाग) बसला किंवा कुणीतरी पॉइंटचा फायबर वॉशर उलटसुलट बसवला. तरीही पेटला नाही तर कॉइल किंवा चावीच्या बाजूला शोधा. या एका बल्बने माझे जितके पैसे वाचवले तितके कोणत्याही महागड्या मीटरने वाचवले नाहीत.

तिसरी, रोटरची. कॅप काढून ठेवा, रोटर जागेवर असू द्या. इंजिन अशा जागी थांबवा की पॉइंट मिटलेले असतील, आणि चावी ऑन करा. कॉइलची जाड वायर पक्कडीत धरून रोटरच्या पितळी पट्टीवर ३ मिलिमीटरवर आणा आणि प्लॅस्टिकच्या काडीने पॉइंट झटक्यात उघडा. वायरीतून रोटरवर ठळक स्पार्क उडाला तर रोटर आतून फुटला आहे आणि करंट दांड्यात पळतो आहे. रोटर नवा असला तरी ही चाचणी करा. स्वस्त रोटरची पितळी पट्टी ज्या रिव्हेटने ठोकलेली असते, तो खालच्या स्प्रिंगच्या इतका जवळ येतो की गरम झाल्यावर तिथूनच करंट फुटतो.

कॅपकडेही उन्हात नेऊन बघा, घरातल्या ट्यूबलाइटमध्ये दिसत नाही. आतल्या चार टोकांच्या मधे पेन्सिलने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली तर तो करंटने पाडलेला रस्ता आहे. घासून जात नाही, कॅप टाकून द्या. मधला कोळशाचा ब्रश बोटाने दाबला की आत जाऊन परत उसळला पाहिजे. पोळ्याच्या दिवसांत, म्हणजे पाऊस लागून राहिलेला असताना, सकाळी गाडी सुरू न होण्याचं कारण फार वेळा कॅपच्या आत धरलेला ओलावा एवढंच असतं. कोरड्या फडक्याने पुसा, दहा मिनिटं उन्हात ठेवा, चहा घ्या, परत लावा.

खुणा आधी, पाना नंतर

आता खोलायचंच ठरलं असेल तर सामान: फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पात्या), दोन पेचकस, पातळ पक्कड, ७/१६ इंचाचा पाना, पॉइंटच्या नटासाठी बारीक रिंग पाने, पंच, पेट्रोलमध्ये बुडवायला जुना ब्रश, आणि एक पांढरं ताट. अँबॅसिडरचे नट इंचातले आहेत. घरात आहेत म्हणून मिलिमीटरचे पाने लावून कोपरे गोल करू नका. ताट पांढरं का, तर या डब्यातले वॉशर मोहरीएवढे असतात आणि फरशीवर पडले की ते गेलेच. सुटे भाग हवे असतील तर घाट रोडच्या दुकानांत विचारा, पण जुना भाग खिशात घेऊनच जा. नावापेक्षा नमुना बोलतो.

बॅटरीचा अर्थ काढा. प्लगच्या चारही वायरींना चिकटपट्टीवर १, २, ३, ४ लिहून लावा. १ नंबर रेडिएटरकडचा. मग सगळे प्लग काढा, १ नंबरच्या भोकावर अंगठा ठेवा आणि हँडलने इंजिन हळू फिरवा. अंगठा बाहेर ढकलला गेला म्हणजे कॉम्प्रेशनचा स्ट्रोक चालू आहे. तसंच फिरवत पुलीवरची खाच टायमिंग कव्हरच्या सगळ्यात लांब टोकासमोर आणा. पिस्टन आता वरच्या टोकाला आहे. हँडल नसेल तर गाडी सपाट जागी टॉप गिअरमध्ये टाकून हळूच ढकलली तरी इंजिन फिरतं, प्लग काढलेले असल्याने जोर लागत नाही.

कॅप काढा. रोटर कुठे बघतो आहे ते पाहा आणि डब्याच्या कडेवर बरोबर तिथे खिळ्याने ओरखडा पाडा. डबा इंजिनाला जिथे बसतो तिथेही दोन्हींवरून जाईल असा एकच ओरखडा. मोबाइलने वरून, बाजूने, दोन-तीन फोटो. फोटो काढले म्हणून ओरखडे टाळू नका; हात काळे झाल्यावर मोबाइल कुणी उघडत नाही.

व्हॅक्यूमची नळी आणि बारीक वायर सोडवा. आता नवखा माणूस हमखास चुकतो ती जागा. डब्याच्या मानेभोवती एक क्लॅम्प असतो, त्याला आवळणारा एक बोल्ट असतो, आणि तो क्लॅम्प इंजिनाला धरून ठेवणारे दोन लहान बोल्ट असतात. आवळणाऱ्या बोल्टला हात लावू नका. ते दोन लहान बोल्ट काढा आणि डबा क्लॅम्पसकट वर उचला. असं केलं की टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, क्लॅम्पमध्येच राहतं. भोकात स्वच्छ चिंधी कोंबून ठेवा आणि डबा परत बसेपर्यंत इंजिन फिरवू नका, गाडी ढकलू नका, नातवाला स्टिअरिंगवर बसवू नका.

टेबलावर

रोटर वर ओढून काढा. पॉइंटच्या टर्मिनलवरचा बारीक नट काढला की त्याखाली इन्सुलेशनची नळी, तिच्यावर कंडेन्सरची आणि बाहेरून येणारी अशा दोन वायरी, आणि त्याखाली स्प्रिंगचा डोळा. हा क्रम लक्षात ठेवा. वायरी आणि स्प्रिंग एकमेकांना चिकटलेले पाहिजेत, पण तिघांपैकी कुणीही खांबाला किंवा प्लेटला टेकता कामा नये. पॉइंट नवे बसवल्यावर गाडी सुरूच झाली नाही तर दहापैकी नऊ वेळा हाच घोळ असतो. मग हलता पॉइंट उचला, त्याखालचा फायबर वॉशर ताटात, स्थिर पॉइंटचा स्क्रू काढा, कंडेन्सरचा स्क्रू काढा.

पॉइंटकडे नीट बघा. एकावर टेकाड आणि दुसऱ्यावर खड्डा थोडासा असणारच. टेकाड तांदळाच्या कणीएवढं झालं असेल तर कंडेन्सर संशयित समजा. दोन्ही टोकं निळी-काळी पडली असतील तर तिथे तेल किंवा ग्रीस गेलं आहे. पॉलिश पेपरने घासू नका, त्याचे कण धातूत रुततात आणि पॉइंट आणखी लवकर जळतात. पॉइंटची बारीक कानस असेल तर टेकाड सपाट करा, पण खरं सांगू का, पॉइंट स्वस्त आहेत. नवे घाला. नवे घालण्याआधी त्यांची टोकं पेट्रोलच्या फडक्याने पुसा, गंजू नये म्हणून वर पातळ थर दिलेला असतो.

आता ती वायर. प्लेट दोन भागांची असते: खालची पक्की, वरची हलणारी. वरची प्लेट अर्थ व्हावी म्हणून दोघींच्या मधे कापडात गुंडाळलेली एक मऊ वायर असते, कडेच्या एका स्क्रूला बांधलेली. व्हॅक्यूमची डबी प्लेट खेचते तेव्हा ही वायर दर वेळी वाकते. हजारो वेळा वाकली की आतले तांब्याचे धागे एकेक करून तुटतात, आणि कापड तसंच राहतं. आता धक्के मधेच का यायचे ते बघा. आयडलवर थ्रॉटल बंद असतो, नळीचं भोक त्याच्या अलीकडे राहतं, ओढ नाही, प्लेट जागेवर. पाय अर्ध्यावर ठेवला की ओढ सगळ्यात जास्त, प्लेट फिरते, वायर ताणली जाते, तुटलेली टोकं दूर होतात आणि अर्थ प्लेटच्या सांध्यातून जमेल तसा जातो. पाय पूर्ण दाबला की इंजिनातली ओढच कमी होते, प्लेट परत, वायर सैल, टोकं पुन्हा टेकली. अर्ध्या पायावरच मिसिंग (स्पार्क चुकून बसणारे धक्के) असेल तर आधी या वायरीला मीटर लावा आणि प्लेट हाताने फिरवत वाचन बघा. बदलायची तर तेवढीच मऊ, बारीक धाग्यांची वायर घ्या. घरातल्या फिटिंगची कडक वायर घातली तर ती प्लेटच अडवते.

कडेचे दोन स्क्रू काढून, व्हॅक्यूम डबीची स्प्रिंग हलत्या प्लेटच्या खुंटीवरून सोडवून प्लेट बाहेर काढा. डबीच्या नळीला तोंड लावून हवा ओढा आणि जिभेने भोक बंद करा. दांडी आत गेली आणि तशीच राहिली तर डबी ठीक. लगेच सुटली तर आतला पडदा फाटला आहे. अशी गाडी चालते, पण पेट्रोल जास्त पिते. डबी काढायची असेल तर स्क्रूच्या टोकाची सर्क्लिप काढून कातरीव नट उलटा फिरवा. आधी त्याच्या बाजूच्या रेघांचा फोटो घ्या, आणि नट सुटताना आतली स्प्रिंग उडते तिच्यावर बोट ठेवा.

खाली दोन वजनं आणि दोन स्प्रिंग दिसतील. दोन्ही स्प्रिंग सारख्या नसतात, एक बारीक, एक जाड. हे बघून पुष्कळ जण घाबरतात आणि दोन्ही सारख्या करून घालतात. तसं करू नका. बारीक स्प्रिंग कमी वेगाला काम करते, जाड वरच्या वेगाला. कोणती कोणत्या बाजूची ते ओरखड्याने नोंदवा, ताणून तर मुळीच काढू नका. रोटर लावून हाताने कॅम फिरवला आणि सोडला की तो झटकन परत आला पाहिजे. सुस्त आला तर खाली जुनं ग्रीस वाळून चिक्की झालं आहे. सगळं पेट्रोलमध्ये धुवा, बाहेर मोकळ्या हवेत, आणि शेजारी कुणी बिडी ओढत नाही ना ते पाहून.

कॅम काढायचा असेल तर त्याच्या पोकळीत तळाला एक स्क्रू आहे. पण थांबा. दांड्याच्या खालच्या टोकाला पट्टी असते, ती मध्यावर नसून एका बाजूला सरकलेली असते, म्हणजे डबा इंजिनात एकाच दिशेने बसतो. कॅम मात्र वरून दोन्ही प्रकारे बसू शकतो. उलटा बसला तर रोटर १ ऐवजी ४ नंबरकडे बघेल आणि तुम्ही संध्याकाळपर्यंत कार्बुरेटरमधून फटाके ऐकत बसाल. रोटरची खाच आणि खालची पट्टी एकमेकांच्या संदर्भात कशी आहेत याचं कागदावर चित्र काढा. कॅम काढायची गरज नसेल तर काढू नका, वरूनच धुवा.

बुश गेला असेल तर बाकी सगळं व्यर्थ

माझ्या मते ही तपासणी सगळ्यांत आधी व्हायला हवी, पण डबा हातात आल्याशिवाय ती नीट होत नाही. बुश म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती धातूची नळी. दांड्याचं वरचं टोक धरा आणि आडवं हलवा. नुसतं फिरणं ठीक, आडवं हलणं ठीक नाही. पॉइंट बसवलेले असताना दांडा बोटाने बाजूला दाबला आणि गॅप डोळ्यांना बदललेला दिसला तर बुश झिजला. मग तुम्ही गॅप कितीही काटेकोर लावा, चालत्या इंजिनात तो दर फेरीला वेगळा होणार. "गॅप लावला, आठ दिवसांत पुन्हा मिसिंग" ही तक्रार घेऊन येणाऱ्यांचा बुश मी आधी बघतो.

बुश बदलण्यासाठी खालच्या पट्टीची पिन पंचने ठोकून काढावी लागते, टोकाला आलेली बारीक धार कानसने घालवावी लागते, मग दांडा वर निघतो. खालचा वॉशर हरवू नका. हे काम पहिल्यांदा असेल तर डबा लेथवाल्याकडे न्या, यात कमीपणा काही नाही. दोन गोष्टी मात्र त्याला सांगा. बुश सच्छिद्र धातूचा असतो, तो बसवण्याआधी २४ तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचा. आणि बसल्यावर आतून रीमर मारायचा नाही, छिद्रं बुजतात आणि तेल धरायची ताकद जाते. दांडाच झिजला असेल, नखाला पायरी लागत असेल, तर नुसता बुश टिकणार नाही.

कंडेन्सर आणि आपला मे महिना

२३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. बॉनेटखाली त्याहून किती जास्त होतं ते कंडेन्सरला विचारा. कंडेन्सरचा खास दगा असा की थंड असताना तो ठीक असतो. गाडी घरून छान निघते, रहाटे कॉलनीच्या सिग्नलला बंद पडते, बॉनेट उघडून अर्धा तास सावलीत ठेवली की पुन्हा सुरू. सगळे पेट्रोल लाइनमध्ये वाफ धरली म्हणतात, आणि कधी ती असतेही. फरक असा ओळखा: गाडी बंद पडली त्याच क्षणी कॅप काढा आणि चावी ऑन ठेवून पॉइंट काडीने उघडा. पॉइंटमध्येच मोठा निळसर-पांढरा स्पार्क उडत असेल आणि जाड वायरीचा स्पार्क मरतुकडा असेल तर कंडेन्सर गेला. मीटरमध्ये मोजाल तर साधारण ०.२ मायक्रोफॅरॅड दिसायला हवं, पण ते गरम असताना मोजा. मी नवा कंडेन्सर घेताना दोन घेतो आणि दुसरा डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवतो.

परत बांधणी

जसं काढलं त्याच्या उलट क्रमाने. वजनांना आणि त्यांच्या खुंट्यांना इंजिन ऑइलचा एकेक थेंब. प्लेट, अर्थची वायर, कंडेन्सर, पॉइंट. कॅमला ग्रीस द्यायचं ते बोटाला लागलेलं पुसून टाकल्यावर जेवढं उरतं तेवढंच. पॉइंटच्या खुंटीवर तेलाचा एक थेंब, रोटर बसतो त्या पोकळीत दोन थेंब. पॉइंटच्या टोकांवर शून्य.

गॅप लावा. पॉइंटची फायबरची टाच कॅमच्या कोपऱ्यावर बरोबर चढेपर्यंत दांडा फिरवा. तिथे गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, जुन्या गेजवर १४ ते १६ थाउ (इंचाचे हजारावे भाग). स्थिर पॉइंटचा स्क्रू जेमतेम ढिला करा, पेचकस खाचेत घालून सरकवा, पाती सरकताना हलकीशी अडली पाहिजे, ओढावी लागता कामा नये. स्क्रू आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना तो सरकतोच. मग चारही कोपऱ्यांवर मोजा. चारांत जाणवण्याइतका फरक असेल तर वर बुशबद्दल लिहिलेलं पुन्हा वाचा.

गॅप आधी, टायमिंग नंतर. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जातं, कमी झाला की मागे. त्यामुळे टायमिंग लावून मग गॅपला हात लावला तर दोन्ही पुन्हा करावं लागतं.

भोकातली चिंधी काढा. हे लिहायची गरज नाही असं वाटेल. मला एकदा पडली होती. डबा घाला, रोटर थोडा इकडे-तिकडे हलवत राहा, खालची पट्टी खाचेत गेली की डबा आपसूक खाली बसतो. ठोकू नका. ओरखडे जुळवा, दोन लहान बोल्ट लावा.

टायमिंग बल्बवर

खुणा नीट जुळल्या तर गाडी सुरू होईलच. तरी नवे पॉइंट घातले आहेत म्हणून एकदा बघून घ्या. बॅटरीचा अर्थ परत जोडा. पुलीची खाच मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंशांवर आणा, १ नंबर कॉम्प्रेशनमध्येच आहे याची खात्री करून. कव्हरवरची छोटी टोकं ५ आणि १० अंशांची असतात. बल्ब दुसऱ्या चाचणीसारखा जोडा, चावी ऑन. आता क्लॅम्पचा आवळणारा बोल्ट ढिला करा. या इंजिनात रोटर वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. डबा त्याच दिशेने थोडा फिरवा, बल्ब विझेल. मग घड्याळाच्या दिशेने अगदी हळू फिरवा आणि बल्ब पेटतो त्या क्षणी थांबा. बोल्ट आवळा, पण बेताने, क्लॅम्प पिळला गेला तर डब्याची मान फुटते. चावी ऑफ करा, नाहीतर बोलता बोलता कॉइल तापते.

प्लग परत लावा. कॅपमध्ये वायरी लावताना रोटर आत्ता बघतो आहे ते घर १ नंबरचं, आणि तिथून घड्याळाच्या उलट ३, ४, २. सुरू करताना कार्बुरेटरमधून फट्ट आवाज आला तर दोन वायरींची अदलाबदल झाली आहे किंवा कॅम उलटा बसला आहे.

इंजिन गरम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर न्या. तिसऱ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला पाय पूर्ण दाबा. डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज क्षणभर येऊन गेला तर टायमिंग छान आहे. आवाज येतच राहिला तर व्हॅक्यूम डबीचा कातरीव नट आर अक्षराकडे (स्पार्क उशिरा) थोडा फिरवा. आवाज अजिबात नाही आणि पिकअपही नाही तर ए कडे (स्पार्क लवकर). इंजिनाचा तो खडखडाट अंगावर घेऊन चालवत राहिलात तर पिस्टन फुटतो, म्हणून शंका असेल तेव्हा आर कडेच.

नव्या पॉइंटची टाच पहिल्या काही दिवसांत कॅमवर घासून बसते आणि गॅप कमी होतो. माझ्या गाडीचा ५०० किलोमीटरला ०.४० वरून ०.३० वर आला होता. तेव्हा साधारण तेवढं अंतर झालं की एकदा कॅप उघडून फिलर गेज घाला, आणि कॅप उघडलीच आहे तर प्लेट पेचकसने हलवून त्या कापडाच्या वायरीकडेही एक नजर टाका.